बालेकिल्ल्याचा भाव : सेफ सीट आणि प्रेडिक्शन मार्केट, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक लागली की माझ्या फोनवर स्क्रीनशॉट यायला लागतात. कुठल्यातरी मतदारसंघाचं नाव, समोर ९६ हा आकडा आणि खाली एकच प्रश्न : ‘सर, म्हणजे हे पक्कंच ना?’ मी मुंबईतल्या एका कॉलेजात बरीच वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. राहायला बोरिवलीत आहे, म्हणजे सेफ सीट काय असते हे दाराबाहेर पाहत आलो आहे. विद्यार्थी, शेजारी आणि ८.१२ च्या लोकलमधले सोबती जे प्रश्न परत परत विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

प्रेडिक्शन मार्केटमध्ये नेमकं विकतात काय?

एक करार. ‘अमुक जागा अमुक पक्ष जिंकेल’ असं विधान असतं. ते खरं ठरलं तर करार धरणाऱ्याला एक डॉलर मिळतो, खोटं ठरलं तर काहीच नाही. निकालापर्यंत लोक तो करार आपसात विकतात आणि घेतात. शेवटचा सौदा ९६ सेंटला झाला असेल तर पडद्यावर ९६ दिसतं. हा आकडा कुणा तज्ज्ञाने बसवलेला नसतो आणि कुणा मतदाराला विचारूनही काढलेला नसतो.

आधुनिक काळात याची सुरुवात १९८८ साली अमेरिकेच्या आयोवा विद्यापीठात झाली. तिथल्या बाजारात माणशी ५०० डॉलरची मर्यादा होती, कारण तो अभ्यासासाठी होता. पुढे न्यूझीलंडच्या व्हिक्टोरिया विद्यापीठाशी जोडलेलं प्रेडिक्टइट २०१४ साली आलं आणि पॉलीमार्केट २०२० साली. कल्शी या कंपनीने अमेरिकेच्या वायदे बाजार नियामकाला कोर्टात खेचलं आणि २०२४ च्या निवडणुकीच्या तोंडावर निवडणुकीचे करार उघडपणे विकायची वाट मोकळी करून घेतली. तेव्हापासून सेनेटच्या आणि प्रतिनिधिगृहाच्या एकेका जागेचे भाव आपल्यापर्यंत पोचायला लागले. त्यात निकाल जवळपास ठरलेला असतो अशा जागाही असतात.

आपल्या सट्टाबाजारातला भाव आणि हा भाव एकच का?

नाही, हे दोन भाव उलटे चालतात. सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो.

सट्टाबाजारात ‘अमक्याचा भाव २० पैसे’ म्हणजे तो जोरात आहे. रुपया लावला आणि तो जिंकला, तर रुपया परत मिळतो आणि वर २० पैसे. भाव जितका कमी तितका उमेदवार भक्कम. प्रेडिक्शन मार्केटमध्ये मात्र भाव जितका जास्त तितका उमेदवार भक्कम. रूपांतर सोपं आहे : एकला एक अधिक भावाने भागा. २० पैशांचा भाव म्हणजे १ भागिले १.२०, साधारण ८३ टक्के. ५ पैसे म्हणजे ९५ टक्के. ३ पैसे म्हणजे ९७. तेव्हा तिकडचे ९७ सेंट आणि इकडचे ३ पैसे ही एकाच मताची दोन नावं आहेत. (बुकी स्वतःचा नफा भावात मिसळतो, त्यामुळे हा हिशेब ढोबळच समजा.)

सेफ सीट कशाला म्हणायचं?

एकाच पक्षाने पाच-सहा निवडणुका सलग जिंकल्या, मताधिक्य मोठं राहिलं आणि उमेदवार बदलला तरी निकाल बदलला नाही, तर ती जागा सेफ. तिसरी अट लोक विसरतात.

मुंबईतली उदाहरणं घ्या. मलबार हिलला मंगलप्रभात लोढा १९९५ पासून सलग निवडून येत आहेत. मुंबादेवीत अमीन पटेल २००९ पासून. दोन्ही जागा भक्कम आहेत, पण पक्ष किती भक्कम आणि माणूस किती हे वेगळं काढता येत नाही, कारण इतक्या वर्षांत माणूस बदललेलाच नाही. बोरिवली विधानसभा मला जास्त शिकवते. २००९ ला गोपाळ शेट्टी, २०१४ ला विनोद तावडे, २०१९ ला सुनील राणे, २०२४ ला संजय उपाध्याय. चार निवडणुका, चार चेहरे आणि भाजप प्रत्येक वेळी विजयी. इथे पक्षाचा करार आणि उमेदवाराचा करार यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. २०२३ साली कुणी ‘२०२४ ला बोरिवलीत भाजप’ असा करार काढला असता, तर तो नव्वदीच्या वरच राहिला असता. ‘२०२४ ला बोरिवलीत सुनील राणे’ हा करार मात्र उमेदवारयादी जाहीर झाली त्या दिवशी शून्यावर आला असता.

मुंबईच्या ३६ जागांपैकी खऱ्या अर्थाने सेफ म्हणाव्यात अशा थोड्याच. शिवसेना २०२२ साली फुटल्यावर कित्येक बालेकिल्ल्यांचे जुने आकडे निरुपयोगी झाले. धनुष्यबाण एकीकडे आणि शाखा दुसरीकडे असताना मागचं मताधिक्य कुणाच्या खात्यात धरायचं? २०२४ ला माहीमची तिरंगी लढत १,३१६ मतांवर सुटली. अशा जागेवर ९५ चा भाव दिसला असता तर मी त्यावर विश्वास ठेवला नसता.

९६ चा भाव म्हणजे जिंकण्याची शक्यता ९६ टक्के, असंच ना?

पन्नास-साठच्या आसपासच्या भावाबद्दल विचारलंत, तर ढोबळमानाने हो. सेफ सीटच्या टोकाला मात्र नाही. हे नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

पहिलं कारण व्याज. निकाल सहा महिन्यांनी आहे आणि करार ९८ ला मिळतो आहे असं धरा. जिंकलात तर ९८ वर २ मिळतील, म्हणजे सहा महिन्यांत जेमतेम २ टक्के. अमेरिकेत २०२३-२४ मध्ये सरकारी ट्रेझरी बिलांवर वर्षाला ५ टक्क्यांहून जास्त व्याज होतं. सहा महिन्यांत अडीच टक्के, तेही कसलीच जोखीम न घेता. मग ९८ ला करार कोण घेईल? जागा शंभर टक्के पक्की असली तरी त्या वेळी तिचा योग्य भाव साडेसत्त्याण्णवच्या आसपासच निघतो. उरलेल्या अडीच सेंटचा मतदाराशी काही संबंध नाही, ते पैसे अडकून पडण्याचं भाडं आहे. निकाल जवळ येतो तसं हे भाडं कमी होतं आणि भाव आपोआप वर सरकतो. त्यावर लोक मला लिहितात, ‘सर, उमेदवाराची हवा वाढतेय.’ हवा आहे तिथेच असते, फक्त कॅलेंडर पुढे गेलेलं असतं. काही बाजार आता अडकलेल्या पैशांवर व्याज देतात, तिथे हा परिणाम कमी दिसतो.

दुसरं कारण शुल्क. प्रेडिक्टइटचे नियम बरीच वर्षं असे होते : नफ्यावर १० टक्के आणि पैसे काढून घेताना आणखी ५ टक्के. समजा, ज्याला काहीच आशा नाही अशा उमेदवाराचा भाव ३ सेंट आहे. तुम्हाला कळतंय की हा मूर्खपणा आहे. तुम्ही ‘तो जिंकणार नाही’ हा करार ९७ ला घेता. तुमचं खरं ठरतं. ३ सेंट नफा, त्यातले ०.३ गेले, हातात ९९.७. पैसे काढायला गेलात की त्यातले ५ टक्के कापले जातात आणि खिशात येतात ९४.७ सेंट. तुमचं भाकीत बरोबर निघालं आणि तरीही तुम्ही सव्वादोन सेंट गमावलेत! मग तो तीनचा भाव खाली आणायला कोण येणार? शिवाय एका करारात माणशी ८५० डॉलरपेक्षा जास्त गुंतवता येत नसत, म्हणून मोठा खेळाडूही तिकडे फिरकत नसे. त्या तीन सेंटना शक्यता म्हणणं चूक आहे. शुल्कामुळे तिथे साचलेला तो गाळ आहे.

तिसरं कारण माणसाच्या स्वभावाचं. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गेलेल्या कुणालाही हे माहीत असतं. मागे पडणाऱ्या घोड्यावर लोक गरजेपेक्षा जास्त पैसे लावतात, कारण दहाचे हजार होण्याची कल्पना गोड असते. फेव्हरिट घोड्यावर त्या मानाने कमी लागतात. ग्रिफिथ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली शर्यतींच्या आकड्यांवरून हे दाखवलं आणि नंतर अनेकांनी ते तपासलं. निवडणुकीतही तीन-चार सेंटचा उमेदवार घेणारे हौशी असतातच.

तेव्हा सेफ सीटवर ९६ दिसलं की मी असं वाचतो : शक्यता बहुधा ९६ च्या वरच आहे, पण किती वर हे या आकड्यातून कळणार नाही. आणि ९७ की ९९, हा फरक छोटा वाटला तरी छोटा नाही. ९७ म्हणजे ३३ पैकी एक अशी जागा पडेल, ९९ म्हणजे शंभरात एक. जोखीम तिप्पट झाली. नेमका हाच फरक मोजायला हा बाजार सर्वात अपुरा पडतो.

रात्रीत भाव ९६ वरून ८८ झाला. काहीतरी घडलंय का?

बहुतेक वेळा काही नाही. सेफ सीटच्या करारात उलाढाल फार थोडी असते. खरेदीच्या आणि विक्रीच्या बाजूला किती करार लागले आहेत ते आधी पाहा. दोन्ही बाजूंना शे-दोनशेच असतील, तर घाईत पैसे मोकळे करणारा एकटा माणूस भाव आठ सेंट पाडू शकतो. उमेदवाराच्या अर्जाबद्दल, प्रकृतीबद्दल किंवा कोर्टातल्या खटल्याबद्दल बातमी आहे का ते शोधा. नसेल तर दुसऱ्या दिवशी परत पाहा.

सेफ सीट खरंच पडते का?

पडते. मी ती पडताना पाहिली आहे.

१३ मे २००४. उत्तर मुंबईचे खासदार राम नाईक सलग पाच वेळा लोकसभेवर गेलेले, त्याआधी बोरिवलीचे तीन वेळा आमदार आणि त्या वेळी देशाचे पेट्रोलियम मंत्री. समोर काँग्रेसने उभा केलेला सिनेनट गोविंदा. आमच्या डब्यात या निकालावर कुणी चहाचीही पैज घेत नव्हतं, कारण उलट बाजू घ्यायला माणूसच मिळत नव्हता. नाईक सुमारे ४८ हजार मतांनी पडले. त्या संध्याकाळी परतीच्या गाडीत डब्यात जी शांतता होती ती मी विसरलो नाही. कुणी पक्षाचा होता म्हणून गप्प होता असं नाही. आपण सगळे मिळून इतके चुकलो कसे, या विचाराने माणसं गप्प होती. पुढच्या वर्षी संभाव्यता शिकवायला घेतली तेव्हा फळ्यावर पहिलं उदाहरण मी हेच लिहिलं.

त्याआधीचं उदाहरण आमच्या वडिलांच्या पिढीचं. १९६७ साली दक्षिण मुंबईत स. का. पाटील यांना जॉर्ज फर्नांडिस यांनी हरवलं. ज्यांचा शब्द शहरात चालायचा तो नेता पडू शकतो, हे मुंबईला तेव्हा कळलं. अलीकडचं पाहायचं तर पुण्याचं कसबा पेठ. १९९५ पासून भाजपची जागा, गिरीश बापट पाच वेळा आमदार. २०२३ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रवींद्र धंगेकर तिथून जवळपास अकरा हजारांनी निवडून आले. इंग्लंडमध्ये चेशम आणि ॲमरशम हा मतदारसंघ १९७४ ला तयार झाल्यापासून हुजूर पक्षाकडेच होता. तो जून २०२१ च्या पोटनिवडणुकीत लिबरल डेमोक्रॅट्सनी घेतला. अमेरिकेच्या अलाबामात रिपब्लिकन उमेदवारावर गंभीर आरोप झाले आणि डिसेंबर २०१७ मध्ये पक्षाने हक्काची सेनेटची जागा गमावली.

यात मला तीन गोष्टी परत परत दिसतात. पोटनिवडणूक, जिथे सरकार बदलणार नसतं म्हणून मतदार हात मोकळा सोडतो. विरोधकांचा एकच उमेदवार. आणि आपल्याच पक्षाच्या उमेदवाराबद्दलची नाराजी. यातल्या दोन एकत्र आल्या तर मी ९६ च्या भावाकडे संशयाने पाहतो.

आणखी एक. या जागा एकेकट्या पडत नाहीत. लाट आली की दहा बालेकिल्ले एकदम हलतात. त्यामुळे ‘९७ च्या भावाच्या दहा जागा घेतल्या, एखादी पडली तरी बाकीच्या तारतील’ हा हिशेब फसतो. दहा नाणी वेगवेगळी उडवली जात नाहीत, बऱ्याच अंशी एकच नाणं दहा ठिकाणी दिसत असतं.

मग सेफ सीटमध्ये खरी लढत कुठे असते?

तिकिटात. २०२४ ला बोरिवलीत बाहेरून उमेदवार आला म्हणून माजी खासदार गोपाळ शेट्टी यांनी अपक्ष अर्ज भरला आणि नंतर मागे घेतला. त्या आठवड्यात आमच्या भागात जितकी चर्चा झाली तितकी मतदानाच्या दिवशीही नव्हती. अमेरिकेत तिकीट पक्षांतर्गत मतदानाने ठरतं. तिथे २०१४ साली प्रतिनिधिगृहातले रिपब्लिकनांचे बहुमत नेते एरिक कँटर आपल्याच पक्षाच्या डेव्ह ब्रॅटकडून हरले. २०१८ साली न्यूयॉर्कमध्ये जो क्रॉली यांना अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांनी हरवलं. त्या-त्या वर्षी दोन्ही जागा पक्षासाठी सेफ राहिल्या, माणसासाठी नाही. म्हणून सेफ सीटचा भाव वाचताना करार पक्षावर आहे की नावावर, हे आधी बघा. मला विचाराल तर तिकिटाचा किंवा मताधिक्याचा करार जास्त माहिती देतो. ‘जिंकेल का’ हा त्या जागेवरचा सर्वात कमी माहितीचा प्रश्न आहे.

उमेदवाराने माघार घेतली किंवा निवडणूक बिनविरोध झाली तर?

कराराच्या खालचे नियम वाचा. शीर्षकात जे लिहिलं आहे त्यावर पैसे मिळत नाहीत, नियमांत लिहिलं आहे त्यावर मिळतात. २०२२ ला अंधेरी पूर्वच्या पोटनिवडणुकीत भाजपने उमेदवार मागे घेतला. चुरशीची म्हणवली जाणारी जागा एका दिवसात सेफ झाली. ऋतुजा लटके ६६ हजारांवर मतं घेऊन जिंकल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर नोटा राहिलं, १२ हजारांहून जास्त मतं घेऊन. ‘दुसऱ्या क्रमांकावर कोण’ असा करार असता तर तो कसा सोडवला असता? एप्रिल २०२४ मध्ये सुरतला लोकसभेचा उमेदवार मतदानाशिवायच निवडून आला. ‘किती टक्के मतं मिळतील’ या कराराला तिथे उत्तरच उरलं नसतं.

मार्केट एक्झिट पोलपेक्षा भरवशाचं आहे का?

पैसे लागलेले असले की माणूस जरा विचार करून बोलतो, एवढं खरं. पण पैसे लागले म्हणजे चूक होत नाही असं नाही. आपल्या दलाल स्ट्रीटवरच बघा. १ जून २०२४ ला एक्झिट पोल आले, ३ जूनला सेन्सेक्स सुमारे २,५०० अंकांनी चढला, ४ जूनला मतमोजणी झाली आणि तो सुमारे ४,४०० अंकांनी पडला. जगातला कुठलाही निवडणूक-करार जितका खोल, म्हणजे मोठ्या उलाढालीचा, नाही तितका तो बाजार खोल आहे. सगळे एकाच चुकीच्या माहितीवर उभे असतील, तर भावही तीच चूक परत सांगतो.

मुंबईत बसून यात पैसे लावता येतात का?

लावू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल ठरतो. जुन्या मुंबई इलाख्याने तर १८६५ च्या कायद्यानेच पैजेला जोडलेले पूरक करारही बाद ठरवले होते. घोड्यांच्या शर्यती हा कौशल्याचा खेळ असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली म्हटलं, ती सवलत निवडणुकीला नाही. सेबीने एप्रिल २०२५ मध्ये ओपिनियन ट्रेडिंगबद्दल, म्हणजे एखादी गोष्ट होईल की नाही यावर पैसे लावण्याबद्दल, लोकांना सावध केलं. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा आला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. त्यानंतर ‘हो की नाही’ची देशी ॲप्स बंद झाली. क्रिप्टोमधून परदेशी बाजारात जाण्याच्या युक्त्या मुलं मला सांगतात. त्यात पैसे अडकले तर दाद मागायला कुठलाच दरवाजा नाही, हे मी प्रत्येकाला बसवून सांगतो. भाव वाचायला मनाई नाही. तो वाचायला शिका.

भाव ९७ असेल तर मत द्यायला कशाला जायचं?

हा प्रश्न मला सर्वात जास्त लागतो, कारण विचारणारे बहुतेक पहिल्यांदा मत देणारे असतात.

तो भाव ‘तुम्ही सगळे नेहमीसारखे जाल’ हे धरून काढलेला असतो. तुमचं मत त्यात आधीच मोजलेलं आहे. शिवाय करार फक्त जय-पराजयावर आहे. ९० हजारांनी जिंकलेला आमदार आणि ९ हजारांनी जिंकलेला आमदार बाजाराला सारखेच, पण पुढच्या पाच वर्षांत वॉर्डातल्या माणसाचा फोन दोघं सारख्या घाईने उचलत नाहीत. विरोधी उमेदवाराला एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली तर त्याचं डिपॉझिट वाचतं आणि पुढच्या वेळी पक्ष तिथे बरा माणूस उभा करतो. २०२४ च्या विधानसभेला कुलाब्यात निम्म्याहून कमी मतदारांनी मत दिलं. अशा ठिकाणी घरी बसलेल्यांची संख्या कुठल्याही मताधिक्यापेक्षा मोठी असते.

मतमोजणीच्या दिवशी भाव १०० कधी होतो?

सकाळी आठला टपाली मतं उघडतात, अर्ध्या तासाने ईव्हीएम. साधारण चौदा टेबलं, त्यांची एक फेरी. सेफ सीटवर तिसऱ्या-चौथ्या फेरीतच भाव ९९ ला चिकटतो आणि बहुतेक वेळा ते योग्यच असतं. फक्त आधीच्या फेऱ्यांत कुठली बूथं आली ते बघा, कारण एकाच मतदारसंघात एका बाजूला टॉवर आणि दुसऱ्या बाजूला झोपडपट्टी असते आणि फेऱ्या बूथच्या क्रमांकाने लागतात. पैसे मात्र अधिकृत घोषणेनंतरच सुटतात. ४ जून २०२४ ला वायव्य मुंबईत ईव्हीएमची मोजणी संपली तेव्हा अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतं धरल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले.